हजेरीपटावरचं सैन्य

जगात कुठेही युद्ध सुरू झालं की त्याच संध्याकाळी आपल्या वाहिन्यांवर तक्ता लागतो. डावीकडे एका देशाचे रणगाडे, उजवीकडे दुसऱ्याचे. खाली विमानं, पाणबुड्या, राखीव सैनिक. फेब्रुवारी २०२२ मध्ये या तक्त्याप्रमाणे कीव्ह तीन दिवसांत पडायला हवं होतं. ते पडलं नाही. मग तक्ता बाजूला ठेवून दुसरा वाद सुरू झाला. रशियाचं सैन्य भ्रष्टाचारानं पोखरलेलं होतं, असं एका गटाचं म्हणणं. भ्रष्टाचार कुठे नाही, युक्रेन काय धुतल्या तांदळासारखा आहे का, असं दुसऱ्याचं. आपल्याकडे प्रत्येक संरक्षण खरेदीच्या वेळी थोड्याफार फरकानं हीच जुगलबंदी होते. एक बाजू किती कोटी खाल्ले ते मोजते, दुसरी बाजू जवानांच्या मनोधैर्याचा हवाला देऊन तोंड बंद ठेवायला सांगते. एकमेकांवर तुटून पडणाऱ्या या दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर मात्र एकमत असतं: भ्रष्टाचार म्हणजे पैशांची चोरी, आणि प्रश्न फक्त ती किती झाली एवढाच.

मला वाद घालायचा आहे तो या एकमताशी. सैन्याच्या बाबतीत चोरीला गेलेला पैसा हे त्यातल्या त्यात किरकोळ नुकसान. पैसा पुन्हा देता येतो. पण चोरी झाकायला कागद लागतो. बंद पडलेला रणगाडा 'चालू' दाखवणारा, अर्धी बटालियन 'पूर्ण' दाखवणारा, कधीच न आलेला माल 'मिळाला' म्हणून सही केलेला. हा कागद वर जातो, वरच्या टेबलावर खरा ठरतो आणि त्याच्या भरवशावर युद्धाचे निर्णय होतात. आपण दुबळे आहोत हे ठाऊक असलेलं राज्य तह करतं, मित्र जोडतं, वेळ काढतं. दुबळं असूनही खिशात बलाढ्यपणाचा दाखला बाळगणारं राज्य युद्ध पुकारून मोकळं होतं. म्हणून माझ्या मते लाचेपेक्षा खोटा अहवाल जास्त घातक आहे. आणि त्याहून वाईट म्हणजे असा अहवाल तयार व्हायला पैसे खाणारा माणूस लागतोच असंही नाही.

मोसुल हे इराकमधलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. जून २०१४ मध्ये चार-पाच दिवसांत ते आयसिसच्या हाती पडलं. हल्लेखोर फार तर दीड-दोन हजार. शहरात कागदोपत्री सुमारे २५ हजार सैनिक आणि पोलीस होते. प्रत्यक्षात दहा हजारही नसावेत, असं नंतर तिथल्याच अधिकाऱ्यांनी पत्रकारांना सांगितलं. उरलेले कुठे होते? घरी. पद्धत साधी होती. सैनिकानं पगारातला मोठा वाटा वरच्या अधिकाऱ्याला द्यायचा आणि हजेरीला यायचं नाही. त्यानं दुसरा धंदा करावा, झोपा काढाव्यात, कोणी विचारत नसे. काही नावं मेलेल्यांची होती, तर काही माणसं कधी जन्मालाच आली नव्हती. लोक अशांना चेष्टेनं 'अंतराळवीर' म्हणत. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी संसदेत सांगितलं, की केवळ चार डिव्हिजनमध्ये ५० हजार भुताटकीचे सैनिक सापडले आहेत. बातम्यांमध्ये या ५० हजारांच्या पगाराचा हिशेब लगेच मांडला गेला. पण मोसुलच्या कुठल्या तरी नाक्यावर त्या रात्री खरोखर पहाऱ्यावर असलेल्या सैनिकाचा विचार करा. डाव्या हाताला एक प्लाटून आहे असं त्याला सांगितलेलं. ती नाही. उजव्या हाताची चौकीही कागदावरच. त्यानं बंदूक टाकून पळ काढला तर त्याला भित्रा म्हणायचं का? आणि बगदादमध्ये नकाशासमोर बसलेल्या सेनापतीला कुमक पाठवायची गरजच वाटली नसेल, तर त्यात तरी नवल काय? त्याच्या नकाशावर माणसं होती.

नागरी कामातली चोरी फार काळ लपत नाही. रस्त्यात डांबर कमी पडलं असेल तर पहिल्याच पावसात ते उघडं पडतं. सैन्याचा पावसाळा मात्र वीस-तीस वर्षांनी येतो. दरम्यानच्या काळात तपासणी होते ती कागदांची, ठरलेल्या तारखेला होणाऱ्या संचलनाची, आणि पाहुण्यांसाठी बसवलेल्या सरावाची. बटालियनमधला अधिकारी सत्तर टक्के तयारीला पंचाहत्तर म्हणतो, कारण सत्तर लिहिलं तर कारणं द्यावी लागतात. ब्रिगेडमध्ये त्याचे ऐंशी होतात, डिव्हिजनमध्ये नव्वद. या साखळीत प्रत्येक जण थोडंसंच खोटं बोललेला असतो आणि आपण खोटं बोललो असं कोणालाच वाटत नाही.

रशियात पैसा खाल्ला जातोय हे कुणापासून लपलेलं नव्हतं. संरक्षण खर्चाचा पाचवा हिस्सा चोरीला जातो, असं खुद्द तिथले मुख्य लष्करी सरकारी वकील सर्गेई फ्रिदिन्स्की यांनी २०११ साली जाहीरपणे सांगितलं होतं. २०१२ च्या नोव्हेंबरात मालमत्ता विक्रीच्या घोटाळ्यावरून संरक्षणमंत्री सेर्द्युकोव्ह गेले, शोइगू आले, नवे गणवेश आले, दर ९ मेला, विजयदिनी, मॉस्कोच्या लाल चौकात झळझळीत संचलनं झाली. म्हणजे चोरी होते हे क्रेमलिनला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते गोदामात प्रत्यक्षात काय उरलंय हे. सप्टेंबर २०२२ मध्ये तीन लाख राखीव सैनिकांना बोलावणं गेलं तेव्हा कुलपं उघडली. बोलावलेल्या माणसांच्या घरचे लोक बूट, झोपायच्या पिशव्या आणि प्रथमोपचाराचं सामान बाजारातून विकत घेत असल्याची दृश्यं जगानं पाहिली. माजी सेनाधिकारी आणि खासदार आंद्रेई गुरुल्योव्ह यांनी जाहीर प्रश्न विचारला: साठवून ठेवलेले १५ लाख गणवेश गेले कुठे? त्याच ऑक्टोबरात संसदेच्या संरक्षण समितीचे प्रमुख कार्तापोलोव्ह एका सरकारधार्जिण्या कार्यक्रमात म्हणाले, की सर्वांत आधी आपण खोटं बोलणं थांबवलं पाहिजे. हे दोघेही युद्धाचे कट्टर समर्थक, हे लक्षात घेतलं पाहिजे. विरोधकांची ही ओरड नव्हती.

पण खरं सांगायचं कुणी, आणि कुणाला? युद्धाच्या तीन दिवस आधी, २१ फेब्रुवारी २०२२ ला, रशियाच्या सुरक्षा परिषदेची बैठक दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. ती चित्रफीत आजही पाहण्यासारखी आहे. भल्यामोठ्या दालनात एका टोकाला पुतीन एकटे टेबलाशी, आणि बरंच अंतर सोडून बाकीचे खुर्च्यांवर, शाळेत उत्तरं द्यायला बसवल्यासारखे. परदेशी हेरखात्याचे प्रमुख नारिश्किन बोलायला उभे राहतात आणि अडखळतात. पुतीन त्यांना 'स्पष्ट बोला' म्हणून टोकतात. गडबडीत ते युक्रेनमधले दोनेत्स्क आणि लुहान्स्क हे प्रांत रशियात सामील करून घ्यायला पाठिंबा असल्याचं बोलून जातात, तेव्हा 'आपण त्यावर बोलतच नाही आहोत' म्हणून पुन्हा कानउघाडणी. देशाच्या हेरखात्याच्या प्रमुखाची ही गत. तिथे एखाद्या कर्नलनं वर कळवावं, की साहेब, ट्रक वर्षानुवर्षं जागचे हललेले नाहीत आणि टायर कुजलेत? त्यानं कळवलं नाही याचा राग येतो, पण त्याच्या जागी आपण काय केलं असतं?

ज्यांनी कळवलं त्यांचं काय झालं तेही पाहू. जनरल इव्हान पोपोव्ह ५८ व्या आर्मीचे सेनापती होते. जुलै २०२३ मध्ये त्यांनी आघाडीवरची जीवितहानी आणि शत्रूच्या तोफखान्याला उत्तर देणाऱ्या साधनांची कमतरता वर मांडली आणि त्यांना पदावरून दूर केलं गेलं. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली, ती अफरातफरीच्या आरोपाखाली, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली. आरोप खराही असेल. पण ज्या यंत्रणेत बहुतेकांचे हात थोडेबहुत बरबटलेले असतात, तिथे कुणाची फाईल कधी उघडायची हे वरचा ठरवतो, आणि ती बहुधा नको ते बोलणाऱ्याची उघडते. माजी उपसंरक्षणमंत्री तिमूर इव्हानोव्ह यांनाही जुलै २०२५ मध्ये १३ वर्षांची शिक्षा झाली खरी. त्यांच्या ऐषारामाच्या बातम्या त्याआधी कित्येक वर्षं येतच होत्या. युक्रेनला लागून असलेल्या रशियाच्या कुर्स्क प्रांताची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. सीमेवरच्या तटबंदीसाठी त्या प्रांताला भरभक्कम निधी मिळाला होता. ६ ऑगस्ट २०२४ ला युक्रेनच्या तुकड्या तीच सीमा ओलांडून आत शिरल्या आणि काही दिवसांत सुद्झा शहर घेऊन बसल्या. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या माजी गव्हर्नरला याच तटबंदीच्या पैशांच्या अपहारावरून अटक झाली. त्याच्या आधीचा गव्हर्नर रोमान स्तारोव्होइत तोवर वाहतूकमंत्री झाला होता. ७ जुलैला त्याला पदावरून काढलं गेलं आणि त्याच दिवशी तो गोळी लागून मेलेला आढळला.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हुकूमशाहीत हे व्हायचंच. म्हणूनच अफगाणिस्तान महत्त्वाचा. तिथला पैसा जगातल्या सर्वांत जुन्या लोकशाह्यांपैकी एकीचा होता, लेखापरीक्षक कडक होते, पत्रकार मोकळे होते. अफगाण सुरक्षा दलांवर अमेरिकेनं वीस वर्षांत सुमारे ८८ अब्ज डॉलर खर्च केले. जुलै २०२१ मध्ये अध्यक्ष बायडेन यांनी तीन लाखांच्या सुसज्ज अफगाण फौजेचा हवाला दिला. १५ ऑगस्टला काबूल पडलं. त्यातले बहुसंख्य सैनिक अस्तित्वातच नव्हते, असं माजी अर्थमंत्री खालिद पायेंदा यांनी नंतर सांगितलं. अफगाण कमांडर मेलेल्यांचे आणि पळालेल्यांचे पगार घेत होते, हे झालं चोरीचं. पण अमेरिकन अधिकारी तर या पगारांतला एक पैसाही खात नव्हते, मग त्यांचे अहवाल इतके गुलाबी का? कारण प्रत्येकाची नेमणूक वर्षभराची, आणि आपल्या वर्षात प्रगती झाली असं लिहिणं प्रत्येकाच्या सोयीचं. किती जिल्हे सरकारच्या ताब्यात आणि किती तालिबानच्या, हा आकडा लाजिरवाणा होऊ लागला तेव्हा निर्णयासाठी त्याचा फारसा उपयोग नाही असं सांगून २०१९ मध्ये तो मोजणंच बंद केलं गेलं. व्हिएतनाममध्ये हेच उलट्या बाजूनं झालं होतं. तिथे शत्रूचे किती मेले हा यशाचा मापदंड ठरला, आणि मग मेलेला प्रत्येक व्हिएतनामी माणूस आपोआप व्हिएतकाँग, म्हणजे शत्रूचा गनीम, होऊ लागला. आपणही हसण्याच्या जागी नाही. सियाचीनमध्ये शत्रूचे सैनिक टिपल्याचं खोटं चित्रीकरण, आणि आसामातल्या कछारमध्ये माणसांना टोमॅटो केचप फासून अतिरेकी मारल्याची छायाचित्रं, ही दोन्ही प्रकरणं २००३ च्या सुमाराची आणि आपल्याच सैन्यातली आहेत. तिथे कुणी पैसा खाल्ला नव्हता. शाबासकी आणि पदक हवं होतं, एवढंच.

आता दुसऱ्या बाजूचे मुद्दे, आणि ते हलके नाहीत. पहिला इतिहासाचा. भ्रष्टाचारानं सैन्य हरत असतं तर ईस्ट इंडिया कंपनी कधी जिंकलीच नसती. प्लासीनंतर कंपनीच्या माणसांनी जी लूट केली तिच्यापुढे आजचे घोटाळे म्हणजे चिल्लर. तरी त्यांच्यासमोर नबाब हरले, टिपू पडला आणि शेवटी पुण्याचा शनिवारवाडाही गेला. हे मान्यच करायला हवं. पण कंपनीची चोरी कुठे होत होती ते नीट पाहिलं पाहिजे. नजराणे, खाजगी व्यापार आणि लूट यांतून वरचे लोक गब्बर झाले. शिपायाला मात्र दरमहा रोख पगार मिळत होता आणि पलटणीत जितके लिहिलेले तितके बहुतांशी उभे असत. १७६६ मध्ये क्लाइव्हनं गोऱ्या अधिकाऱ्यांचा दुप्पट भत्ता बंद केला, त्यावर त्यांनी एकजुटीनं राजीनामे फेकले, आणि तरी तो हटला नाही. हा क्लाइव्ह स्वतः साधुपुरुष नव्हता हे सांगायला नको. समोरच्या बाजूला उत्तर पेशवाईतला सरंजाम होता. अमुक स्वार बाळगायचे म्हणून सरदाराला मुलूख तोडून दिलेला. स्वार कमी ठेवले की तितका वसूल घरात. गणतीच्या दिवशी घोडी उसनी आणायची. ही युक्ती आपली नव्हे, फार जुनी. अकबरानं १५७० च्या दशकात घोड्यांना डाग द्यायची आणि स्वारांचे चेहरे नोंदवून ठेवायची पद्धत आणली ती मनसबदारांच्या याच लबाडीवर. ती पद्धत ढिली पडली आणि पुढे मनसबी फुगत गेल्या, स्वार आटत गेले. कंपनीनं हिंदुस्थान जिंकला तो प्रामाणिकपणाच्या जोरावर असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे किती संगिनी आहेत हे तिच्या सेनापतीला कळत होतं, समोरच्याला ते कळत नव्हतं, इतकंच मी म्हणतो.

दुसरा मुद्दा बोफोर्सचा, आणि माझ्या मते हा सर्वांत वजनदार. मार्च १९८६ मध्ये स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी ४१० तोफांचा करार झाला, एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओनं दलालीची बातमी फोडली, सरकार गेलं, आणि 'बोफोर्स' ही गल्लीबोळातली शिवी झाली. तोफ मात्र उत्तम निघाली. १९९९ च्या कारगिल युद्धात द्रास आणि तोलोलिंगवर तिनं काय केलं हे सैनिकच सांगतात. उलट त्या बोभाट्यानंतर मोठ्या तोफेच्या कागदावर सही करायची हिंमत कुणाला होईना. पुढची परदेशी तोफ, अमेरिकेची एम-७७७, तिचा करार व्हायला नोव्हेंबर २०१६ उजाडावा लागला. तीस वर्षं! मग लाचेनं जास्त नुकसान केलं की लाचेच्या भीतीनं? प्रामाणिक उत्तर आहे, भीतीनं. आणि म्हणूनच लाच आणि खोटा अहवाल यांत फरक करायला हवा असा माझा आग्रह आहे. दलाली दिलेली तोफ उडते. खोट्या चाचणीवर पास झालेली तोफ उडेलच असं नाही. बोफोर्सवरून बेतलेल्या आपल्या 'धनुष' तोफेसाठी जबलपूरच्या कारखान्यात आलेली बेअरिंग्ज चिनी बनावटीची होती आणि त्यांच्यावर जर्मनीचा शिक्का होता, असा गुन्हा सीबीआयनं २०१७ मध्ये नोंदवला. त्यात रक्कम बोफोर्सच्या मानानं नगण्य. चर्चा दोन दिवस झाली. मला विचाराल तर लोकसभा डोक्यावर घ्यावी असं काही होतं ते हेच होतं.

तिसरा मुद्दा युक्रेनचा. तिथेही काही कमी झालं नाही. दुकानात सातेक रिव्नियाला (रिव्निया हे तिथलं चलन) मिळणारं अंडं सैन्यासाठी सतराला घेतलं जातंय, हे जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या एका पत्रकारानं करारच छापून दाखवलं. एक लाख उखळी तोफगोळ्यांसाठी दिलेले सुमारे चार कोटी डॉलर गेले आणि गोळा एकही आला नाही, हे तिथल्याच सुरक्षा यंत्रणेनं वर्षभरानं सांगितलं. अंड्यांच्या प्रकरणात उपमंत्री गेला, ऑगस्टमध्ये सगळ्या प्रांतांतल्या सैन्यभरती प्रमुखांना एका फटक्यात काढलं गेलं, सप्टेंबरात संरक्षणमंत्री रेझ्निकोव्ह गेले. हे सगळं राजधानीवर क्षेपणास्त्रं पडत असताना. म्हणजे चोर दोन्हीकडे होते. पण एकीकडे अंड्याचा भाव युद्ध चालू असताना छापता आला, आणि दुसरीकडे १५ लाख गणवेशांचा पत्ता माणसं आघाडीवर निघाल्यावर लागला. याचा अर्थ युक्रेन जिंकणारच असा मी काढत नाही. रशिया त्यानंतर सावरला, कारखाने तीन पाळ्यांत चालवले आणि युक्रेनचा जवळपास पाचवा भाग आज त्याच्या ताब्यात आहे. मोठा देश खोटेपणाची किंमत माणसांत मोजू शकतो. लहान देशाला ती चैन परवडत नाही.

मग उपाय काय, सगळ्यांना तुरुंगात टाकायचं? चीननं हा मार्ग धरलेला दिसतो. क्षेपणास्त्रं सांभाळणाऱ्या रॉकेट फोर्सचं नेतृत्व २०२३ मध्ये बदललं गेलं, जून २०२४ मध्ये ली शांगफू आणि वेई फेंगहे या दोन माजी संरक्षणमंत्र्यांना एकाच दिवशी पक्षातून हाकललं. आपल्याकडे पुष्कळांना याचं कौतुक वाटतं. असा खमक्या माणूस हवा, वगैरे. पण भीतीनं चोरी एखादे वेळी थांबते, खरं बोलणं सुरू होत नाही. स्टालिननं १९३७ ते १९३९ मध्ये पाचपैकी तीन मार्शल आणि हजारो अधिकारी संपवले. लष्करी हेरखात्याचे प्रमुख प्रोस्कुरोव्ह स्पष्ट बोलत. त्यांना १९४० मध्ये काढलं आणि पुढच्या वर्षी गोळी घातली. त्यांच्या जागी आलेल्या गोलिकोव्ह यांनी हिटलरच्या तयारीच्या बातम्या वर पाठवल्या, पण ब्रिटिशांनी पेरलेल्या अफवा असल्याची टीप जोडून, कारण वर तेच ऐकायला हवं होतं. २२ जून १९४१ ला हिटलरनं हल्ला केला तेव्हा काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे.

आपल्याच मातीत याहून शहाणी व्यवस्था होऊन गेली आहे, आणि शिवाजी महाराजांचं नाव उठताबसता घेणाऱ्यांना तिचा विसर पडलेला दिसतो. गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे एका दर्जाचे अधिकारी असत असं सभासद बखर सांगते. शिवाय कोठारासाठी कारखानीस. एकट्याला किल्ला फितवता येऊ नये हा हेतू तर होताच, पण एकट्याला खोटा हिशेबही लिहिता येऊ नये हा त्यातून आपोआप साधलेला फायदा. पगार रोख. मुलूखगिरीला निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूंची नोंद, परतल्यावर झाडा. आणि चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं ते पत्र! पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-गवत आत्ताच बेहिशेबी उडवलंत तर पुढे घोडी मरतील, आणि मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, कुणी दाणे आणील, कुणी भाकर, कुणी भाजी. दिवा जळता ठेवाल तर उंदीर वात पळवील आणि गवताच्या गंजीला आग लागेल. हे लिहिणारा राजा साठ्याच्या आकड्याला लढाईइतकंच महत्त्व देत होता.

त्या पत्राची आठवण पुलगावमुळे येते. वर्धा जिल्ह्यातल्या तिथल्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या पहाटे आग लागली आणि दोन अधिकाऱ्यांसह १९ जण गेले. आग बहुधा रणगाडाविरोधी सुरुंगांमधून पाझरणाऱ्या टीएनटी या स्फोटकामुळे लागली असावी, असं तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी संसदेत सांगितलं. सदोष सुरुंगांबद्दलचा पत्रव्यवहार त्याआधीच झालेला होता. पत्रं होती, फाईल होती, सुरुंगही तिथेच होते.

उरतो मनोधैर्याचा आणि गुप्ततेचा मुद्दा. उणिवा चव्हाट्यावर आणल्या तर शत्रूला आयतीच माहिती मिळते, हे अगदीच फोल नाही. कोणत्या तळावर कोणता दारूगोळा किती, हे कुणी वर्तमानपत्रात छापा म्हणत नाही. पण मार्च २०१२ मध्ये सेनाप्रमुख व्ही. के. सिंग यांचं पंतप्रधानांना लिहिलेलं पत्र फुटलं, रणगाड्यांना दारूगोळा नाही असं त्यात होतं, आणि देशभर चर्चा झाली ती पत्र कुणी फोडलं याची! सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनं २०१५ मध्ये दारूगोळ्याच्या टंचाईवर अहवाल दिला. २०१७ मध्ये पुन्हा सांगितलं, की सप्टेंबर २०१६ च्या स्थितीनुसार चाळीस टक्के प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या तुंबळ युद्धालाही पुरणार नाही. या दोन अहवालांच्या मध्ये उरीच्या तळावर हल्ला झाला, धावपळ करून खरेद्या झाल्या, आणि जुलै २०१७ मध्ये उपसेनाप्रमुखांना दारूगोळा थेट घेण्याचे अधिकार मिळाले. त्यानं कुठल्या जवानाचं मनोधैर्य खचलं? काडतूस नाही हे जवानाला कॅगच्या आधीच माहीत असतं. पुढे संरक्षणविषयक अहवाल संकेतस्थळावर चढवणं बंद झालं. ते जाणूनबुजून केलं, असं तेव्हाचे कॅग राजीव मेहर्षी यांनी २०२० मध्ये सांगितलं. बीजिंगला उपग्रह आहेत, हेर आहेत. संकेतस्थळ बंद झाल्यानं अडलं ते नागपूरच्या किंवा नगरच्या वाचकाचं.

माझ्या मते बदल करायचा तो कंपनी कमांडरच्या पातळीपासून. आपल्या तुकडीत काय कमी आहे हे तो ज्या वरिष्ठाला कळवतो, तोच वरिष्ठ त्याचा वार्षिक गोपनीय अहवाल लिहितो, आणि बढती त्या अहवालावर. या गाठीतून किमान तयारीची तपासणी तरी सोडवा. तपासणारा वेगळ्या कमांडचा असू द्या, तारीख न सांगता येऊ द्या, आणि कमतरता मान्य करणाऱ्याला जितका त्रास होतो त्याहून जास्त ती लपवणाऱ्याला होऊ द्या. आकडे बाहेर द्यायचे नसतील तर पाच-दहा वर्षांनी द्या. पण द्या.

कारण गुप्ततेचा शिक्का एकदा बसला की काय होतं, याचा आपला स्वतःचा दाखला आहे. १९६२ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम कमांडचे दौलत सिंग यांनी दिल्लीला कळवलं होतं, की पुढे पुढे चौक्या टाकत जाण्याचं धोरण पेलण्याइतकं बळ आपल्यापाशी नाही. पूर्वेला ३३ व्या कोअरचे उमराव सिंग थागला रांगेवरून चिन्यांना हुसकावण्याच्या आदेशाला, रसद आणि माणसं पुरेशी नाहीत म्हणून, हरकत घेत राहिले. ऑक्टोबरात त्यांच्याकडून नेफाची, म्हणजे आजच्या अरुणाचलची, जबाबदारी काढून घेण्यात आली, नवी चौथी कोअर उभी केली गेली, आणि तिच्यावर वरच्यांच्या मर्जीतले बी. एम. कौल आले. इथे कुणी छदामही खाल्ला नव्हता. खरा अहवाल आला होता आणि तो देणाऱ्यालाच बाजूला सारलं गेलं. पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या दोन अधिकाऱ्यांनी केलेल्या चौकशीबद्दल त्यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये संसदेत निवेदन केलं, अहवाल मात्र मांडला नाही. तेव्हा युद्ध ताजं होतं, चीन दारात होता, ते समजू शकतं. त्याचा काही भाग २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकारानं इंटरनेटवर टाकला, तरी सरकारनं तो आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही. त्या निर्णयांत असलेल्यांपैकी जवळपास कुणीही आज हयात नाही. तो उघडला तर आज नेमक्या कोणत्या शत्रूचा फायदा होणार आहे, हे संरक्षण मंत्रालयानं एकदा तरी सांगावं.